गाडी काकांची, बेत काकूंचा

"दिसली काय गो गाडी?"

"न दिसायला काय झालं, काकू? कालपासून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही. वासाच पर्वताची अख्खी रांग होती तिथे, ती गेली."

"दोन रात्री कळ काढ. तिसऱ्या दिवशी वसाहतीच्या समितीवाल्यांचं पत्र येईल, मग ती जाईल भाड्याच्या जागेत." असं म्हणत काकूंनी हातातली गोधडी कुंपणावर पसरली. आमच्या वसाहतीत कुंपणावर कपडे वाळत घालायला मनाई आहे. काकूंच्या मते गोधडी हा कपडा नव्हे.

सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला छातीइतकं उंच, पांढरं, प्लास्टिकचं हे कुंपण. अलीकडे मी, सदाशिव पेठेतली, वरणभातावर वाढलेली. पलीकडे काका-काकू, मालवणकडचे. काका मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि या वर्षी त्यांनी आरव्ही घेतली. जुनीच, पण आत दोन बिछाने, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं. तिच्यातून डोंगरातल्या नद्या आणि तळी हिंडायची, मासे गरवायचे, असा बेत. वसाहतीत सगळ्यांना तो माहीत आहे, कारण काका सकाळी फिरायला निघाले की जो भेटेल त्याला सांगतात. खरा बेत मात्र काकूंकडे असतो.

"किती फूट आहे?" मी विचारलं.

"पंचवीस. मी टेप लावून मोजली. का मोजली ते विचार."

"का मोजली?"

"अगो, ह्यांचा पहिला बेत होता ग्लेशियर पार्कचा. पार वर, कॅनडाच्या सीमेला. तिथे तो डोंगर कापून काढलेला रस्ता आहे ना, 'गोइंग टू द सन', त्याचा फोटो वर्षभर आमच्या फ्रिजवर. गाडी घेतली, पैसे मोजले, आणि मग मी वाचलं. त्या रस्त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी. रुंदी ८ फूट, तीसुद्धा आरसे धरून. मी टेप घेऊन खाली उतरले. आमची गाडी आरसे न धरताच आठच्या वर गेली."

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणतील? फोटो काढला आणि यलोस्टोनचा लावला. चुंबक तोच."

काकूंनी एप्रनच्या खिशातून कपड्यांचे चिमटे काढले आणि गोधडीच्या काठावर एकेक लावायला लागल्या. मला वाटलं वाऱ्याने उडू नये म्हणून. पण तो नकाशा होता.

"हा चिमटा आपलं घर. इथून सरळ उत्तरेला, हा आयडाहो फॉल्स. तिथून पुढे आयलंड पार्क. त्या गावाची गंमत ऐक. गावाचा मुख्य रस्ता ३३ मैल लांब आणि गाव बहुतेक ठिकाणी ५०० फूट रुंद. असं का? तर १९४७ साली तिथल्या कायद्यात आलं की दारू विकायची तर नगरपालिकेच्या हद्दीतच. मग रस्त्याकडेची झाडून सगळी हॉटेलं एका हद्दीत घ्यायची म्हणून त्यांनी गावच लांबवलं."

"हे काकांनी सांगितलं?"

"ह्यांनी सांगितलं, पण त्यांच्या डोक्यात राहिली दारू. माझ्या डोक्यात राहिलं पाणी. त्या गावाजवळ बिग स्प्रिंग्ज म्हणून झरा आहे. जमिनीतून दिवसाला १२ कोटी गॅलन पाणी वर येतं, उन्हाळा असो हिवाळा असो, ५२ अंश फॅरनहाइटचं. त्या झऱ्यावर मासे धरायला सक्त मनाई. नुसते बघायचे. तेच पाणी पुढे हेन्रीज फोर्क नदीत जातं, तिथे गळ टाकायचा."

"पण जूनमध्ये बर्फ वितळून नद्या गढूळ होतात ना? आमच्या ऑफिसातला एकजण म्हणत होता, जुलैशिवाय जाऊ नका."

"शाणा आहे तो. पण अर्धाच. डोंगरातल्या बाकीच्या नद्यांना जूनमध्ये लोंढा असतो, पाणी लाल. झऱ्याचं पाणी मात्र गढूळ होत नाही. म्हणून आधी हेन्रीज फोर्क. तिचा हॅरिमन पार्कमधला तुकडा पंधरा जूनला उघडतो, त्याच आठवड्यात जायचं. तिथून यलोस्टोनमधली फायरहोल नदी. तिच्यात दोन्ही काठांवरून गरम पाण्याचे झरे येऊन पडतात. जूनमध्ये ती बरी असते. जुलै तापला की पाणी इतकं कोमट होतं की मासे दुसरीकडे पळतात."

"म्हणजे जुलै-ऑगस्ट नकोच."

"नकोच. आणि मोंटानात तर पाणी सलग तीन दिवस ७३ अंशांवर गेलं की दुपारी दोन ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात. गरम पाण्यात माशाला श्वास पुरत नाही, त्यात तू त्याला ओढून दमवलंस की सोडल्यावरसुद्धा मरतो."

"सोडल्यावर? कुणी सोडल्यावर?"

काकूंनी चिमटा लावायचा हात थांबवला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुंपणावर कोपर टेकलं आणि आवाज खाली आणला. आता खरी बातमी येणार हे मी ओळखलं.

"तेच तर सांगायला आले. तुला वाटतं हे मासे धरणार, मी कढी करणार, तिरफळं घालून? मलाही तसंच वाटलेलं. मी खोबरं वाटून गोळे फ्रीझरमध्ये टाकले, भाचीकडून मसाला मागवला. आणि परवा रात्री जेवताना हे म्हणतात, 'अगं, मासा पकडायचा, बघायचा, आणि सोडून द्यायचा.' माझ्या हातातला घास हातात राहिला. मासो गावलो, आनि सोडून देवचो? ह्यां खंयचां शास्त्र?"

मला हसू आवरेना. काकू अजिबात हसत नव्हत्या.

"हसू नको. हॅरिमनच्या तुकड्यात धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात. यलोस्टोनमध्ये तिथला मूळचा मासा, म्हणजे हनुवटीखाली लाल रेघ असते तो कटथ्रोट, तोही परत. गळाला उलटा काटा असतो ना, मासा निसटू नये म्हणून, तो पकडीने दाबून मोडायचा. शिशाचं वजन लावायचं नाही. गांडूळ चालत नाही, कोलंबी चालत नाही. मी म्हटलं, थोडी सुकट लावून बघा, मासा खुळा होईल. तर म्हणे, तो गुन्हा आहे."

"मग आमिष काय लावायचं?"

"पीस."

"पीस?"

"पिसं आणि दोरा गुंडाळून माशी करतात, तिला फ्लाय म्हणायचं. तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर हाच उद्योग. भिंग लावून बसतात. आणि एक दिवस मी देवपूजेला गेले, तर कृष्णाच्या मुकुटातलं मोरपीस निम्मं."

"नाही हो काकू!"

"कातरलेलं! मी विचारलं, तर म्हणतात मोरपिसाच्या बारीक धाग्यांना पाण्यात जी चमक येते ती दुसऱ्या कशाला नाही, जगभरचे लोक हीच वापरतात. शिवाय वर मलाच शिकवतात की आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेची पिसंसुद्धा जुने इंग्रज लोक सामन माशाच्या फ्लायला लावायचे, आता ती भारतातून बाहेर न्यायला बंदी आहे. मी म्हटलं, रानकोंबड्याचं राहू दे, माझ्या कृष्णाचं काय?"

"मग?"

"मग काय, मी उरलेलं पीस उचलून कुलुपात ठेवलं."

पलीकडे आरव्हीच्या छपरावर काका शिडी लावून काहीतरी चिकटवत होते. काकूंनी वर बघून, "खाली बघून उतरा!" असं ठणकावलं आणि पुन्हा आवाज बारीक केला.

"लायसन्सचं ऐकलंस? आयडाहोत गळ टाकायचा तर आयडाहोचं. टेटन पार्कात वायोमिंगचं. यलोस्टोनच्या आत कुठल्याच राज्याचं लागत नाही, पण त्यांचा स्वतःचा परवाना, सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला. तीन दिवसांचा, सात दिवसांचा, नाहीतर अख्ख्या मोसमाचा. मोंटानात मुक्काम आहे वेस्ट यलोस्टोन गावात, पण तिथलं लायसन्स वेगळं, वर आणखी दोन प्रकारचे दाखले. मी म्हटलं, मोंटानात फक्त झोपायचं. गळ गाडीच्या बाहेर काढलात तर बघा."

"पण मग ते मॅडिसन नदीवर जाणार नाहीत? काका तर येताजाता तिचंच नाव घेतात."

"जाऊ की, बघायला जाऊ. तिथलं क्वेक लेक दाखवायचंय ह्यांना. पण त्याची गोष्ट कळल्यापासून माझी झोप उडालीय. १७ ऑगस्ट १९५९. रात्री साडेअकराच्या सुमाराला भूकंप झाला, आणि अख्खा डोंगर सुटून नदीच्या पात्रात आला. नदी अडली, मागे तळं झालं. २८ माणसं गेली. बहुतेक आपल्यासारखीच, सुट्टीला आलेली, तंबू टाकून नदीकाठी झोपलेली. ज्या झाडांमध्ये लोकांनी गाड्या लावलेल्या, ती झाडं पुढे तळ्यात उभ्या उभ्या वाळली. मी ह्यांना सांगितलंय, रात्रीची जागा मी निवडणार. उताराच्या पायथ्याशी नाही, आणि नदीच्या कडेला तर नाहीच."

काकू क्षणभर गप्प झाल्या. त्यांना ते शोभत नाही, म्हणून मीच विचारलं, "मग कढीचं काय ठरलं? फ्रीझरमधले गोळे?"

काकूंच्या तोंडावर एकदम उजेड पडला. त्यांनी खिशातून सगळ्यांत मोठा, लाकडी चिमटा काढला आणि गोधडीच्या मधोमध लावला.

"हे यलोस्टोन लेक. ७,७३३ फुटांवर. १३६ चौरस मैल पाणी. आणि ह्या तळ्यात एक मासा असा आहे, की तो गावला तर त्याला सोडायला मनाई आहे. मारायलाच लागतो."

"कायद्याने?"

"कायद्याने! लेक ट्राउट त्याचं नाव. परत पाण्यात टाकलास तर तू गुन्हेगार. हे मी वाचलं तेव्हा ह्यांच्या नियमांचा तो कागद मी कपाळाला लावला."

मग काकूंनी मला जी हकीकत सांगितली, ती सांगताना त्यांना कागद लागला नाही. लेक ट्राउट हा या डोंगरातला मूळचा नव्हे. तो पूर्वेकडच्या मोठ्या सरोवरांतला. १८९० साली सरकारनेच तो लेक मिशिगनहून आणून इथल्या लुईस आणि शोशोन या दोन तळ्यांत सोडला, कारण तेव्हा ज्या पाण्यात मासा नाही ते पाणी वाया गेलं असं लोकांना वाटायचं. तिथे तो शंभर वर्षं गुण्यागोविंदाने राहिला. पुढे कुणीतरी गुपचूप तो मोठ्या यलोस्टोन लेकमध्ये नेऊन सोडला आणि १९९४ साली तो तिथे पहिल्यांदा सापडला. तोवर त्याची पैदास झालेलीच होती.

"आणि तो कटथ्रोटची पोरं खातो," काकू म्हणाल्या. "एक मोठा लेक ट्राउट वर्षभरात किती फस्त करत असेल देव जाणे. बरं, नुसतं माशांचं मरण असतं तर एक वेळ चाललं असतं. पण कटथ्रोट वसंतात अंडी घालायला तळ्यातून लहान ओढ्यांत चढतो. तिथे उथळ पाण्यात अस्वलं टपलेली, वरून घार, पाणमांजर, सगळ्यांचं पोट त्यावर. आणि हा मेला लेक ट्राउट अंडी घालतो तळ्याच्या तळाशी. ओढ्यात येतच नाही. अस्वलाला तो दिसत नाही, पक्ष्याला गावत नाही. कटथ्रोट कमी झाले, तशी अस्वलं एल्क हरणांच्या पिल्लांवर गेली. एका माशापायी सगळ्या रानाची जेवणं बदलली."

"म्हणून मग मारायचे."

"म्हणून. पार्कवाले स्वतः बोटी घेऊन जाळी टाकतात. आजवर चाळीस लाखांच्या वर काढलेत. आणि काय करतात माहितीय? तळ्यातच परत टाकतात! मेलेले! म्हणे त्या पाण्यातलं सत्त्व त्या पाण्यातच राहिलं पाहिजे. पुढे तर त्यांनी मेलेल्या माशांचा लगदा लेक ट्राउटच्याच अंड्यांवर टाकला, म्हणजे तो कुजून अंडी मरतील. शास्त्राला मी काही म्हणत नाही. पण चाळीस लाख! आमच्या मालवणच्या बाजारात एखादी बाई हे ऐकेल तर चक्कर येऊन पडेल."

"काकू, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तोही बाहेरून आलेला आणि आपणही. आपल्याला असं कुणी म्हटलं तर?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार.

"मी हेच विचारलं ह्यांना. जेवताना. तर हे म्हणाले, आपण आलो ते पासपोर्टवर शिक्का मारून, आणि इथे आल्यावर शेजाऱ्याची पोरं खाल्ली नाहीत." काकू फणकारल्या. "मी म्हटलं, तो मासा तरी कुठे स्वतःच्या पायाने आला? त्याला आणला माणसाने. पहिल्यांदा सरकारने आणला, दुसऱ्यांदा कुणा हावऱ्याने बादलीतून नेला. माशाचा गुन्हा इतकाच की त्याला भूक लागते. म्हणून मी ठरवलंय, त्याला मारायचा तर फेकायचा नाही. नीट साफ करून, मीठ-हळद लावून, मान देऊन खायचा. वाया घालवला तर मग खरं पाप."

"पण तो गोड्या पाण्यातला ना? तुम्ही तर म्हणता गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो."

"थंड पाण्यातल्याला येत नाही. आणि लेक ट्राउट चांगला तेलकट असतो, बांगड्यासारखा. बांगड्याला तिरफळं चालतात, तर ह्याला का नाय चालणार?"

मला तिरफळ आणि बांगडा या दोन्हींचं ज्ञान नाही, म्हणून मी मान डोलावली. मग माझ्या अखत्यारीतला प्रश्न विचारला. "आणि भात? त्या उंचीवर पाणी लवकर उकळतं म्हणे."

"लवकर उकळतं आणि तिथेच गोची आहे. आठ हजार फुटांच्या जवळ पाणी ९२ अंश सेल्सिअसला उकळतं, शंभरला नाही. बुडबुडे येतात, पण डाळ शिजत नाही. तासभर उकळलीस तरी दाणे दाताखाली. कुकरशिवाय तिथे घर चालत नाही. आमचा तीन लिटरचा बस होईल. शिट्टी झाली की आजूबाजूचे सगळे बाहेर येतील, येऊ देत. पुढच्या वर्षी तेही कुकर आणतील."

"अस्वल आलं म्हणजे?"

"त्याची पण व्यवस्था आहे. तळ्याकाठचा जो आरव्ही पार्क आहे, फिशिंग ब्रिजचा, तिथे तंबूला परवानगीच नाही. कापडी छताची गाडीसुद्धा नाही. चारी बाजूंनी टणक भिंती असलेलीच गाडी आत. एवढा अस्वलांचा राबता. म्हणून तर मी ह्यांना कापडाची खोली उघडणारी स्वस्तातली गाडी घेऊ दिली नाही. जेवण आत करायचं, भांडी आत, कचरा लगेच त्यांच्या लोखंडी पेटीत. माशाची आतडी काठावर टाकायची नाहीत. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ती फोडून, सगळं खोल पाण्यात टाकायचं, म्हणजे तरंगून काठाला लागत नाही. आणि सुकट..." काकूंनी उसासा टाकला. "सुकट घरीच ठेवणार. भाजली तर आयडाहोतली अस्वलंसुद्धा येतील."

"त्या फिशिंग ब्रिजवरूनच गळ टाकला तर बरं पडेल ना? गाडी तिथेच."

"त्या पुलावरून मासे धरायला १९७३ पासून बंदी आहे. नाव ठेवलं, पाटी लावली, आणि बंदी घातली. पुलाखाली कटथ्रोट अंडी घालतो म्हणून. हे तर मला आवडलं बाई. एखाद्या जागेवर जास्त माणसं आली म्हणून सरकारने माशाची बाजू घेतली, असं आपल्याकडे कुठे बघितलंस?"

मी विचार केला. लोणावळ्याला वळवण धरणावर टाटांचं महसीर माशाचं अंडी उबवणी केंद्र आहे, तिथून तयार केलेली पिल्लं देशातल्या तळ्यांना-नद्यांना गेली, एवढं शाळेच्या सहलीत ऐकलेलं. ते मी सांगितलं.

"असेल," काकू म्हणाल्या. "पण तिथेही लोक विचारतात, शिजवतात कसा?"

तेवढ्यात काका छपरावरून उतरले आणि गाडीच्या मागच्या बाजूला वाकून एक जाड, तपकिरी नळी ओढायला लागले. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बघ. बघ ती नळी. तुला माहितीय ती कशाची? गाडीत पाण्याच्या तीन टाक्या. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या आणि बेसिनच्या पाण्याची, आणि एक... संडासाची. ती भरली की डम्प स्टेशनला जायचं, हातमोजे घालून नळी लावायची, आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने संडासाला कधी ब्रश लावला नाही. आता रोज सकाळी व्हिडिओ लावून ह्याचाच अभ्यास! काल मला म्हणतात, 'तू शिकून घे, उपयोगी पडेल.' मी म्हटलं, मी गरवायला शिकलेय, वाटायला शिकलेय, गाळ काढायला शिकलेय, हे एक तुमच्याकडेच राहू दे."

"गरवायला तुम्हाला येतं?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी उरलेले दोन चिमटे लावले.

"परतीचा रस्ता ऐक. यलोस्टोन लेकहून खाली टेटन, जॅक्सन. तिथून घरी यायला टेटन पासचा घाटही आहे, पण चढ दहा टक्क्यांचा, आणि उतारही तसाच. पंचवीस फुटांची गाडी घेऊन मी तिथे जाणार नाही. उताराला गिअर खाली आणून इंजिनाने गाडी रोखायची असते, ब्रेकवर पाय ठेवून बसलं की ब्रेक जळतात, आणि आमचे हे सपाट रस्त्यालासुद्धा ब्रेकवर पाय ठेवून असतात. म्हणून स्नेक नदीच्या कडेकडेने आल्पाइन, स्टार व्हॅली, आणि शेवटी हा चिमटा, बेअर लेक. अर्धं आपल्या युटाहात, अर्धं आयडाहोत. दोन्हींपैकी कुठलंही लायसन्स तिथे चालतं, म्हणून मला ते तळं समजूतदार वाटतं. पाणी असं निळं-हिरवं की खोटं वाटावं. चुन्याचे कण पाण्यात तरंगतात, त्याने. आणि त्यात चार जातीचे मासे असे आहेत, जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यातला एक सिस्को, एवढुस्सा. जानेवारीत काठाशी थव्याने येतो. लोक बर्फाला भोक पाडून, नाहीतर गार पाण्यात उभे राहून, दांड्याच्या जाळीने उचलतात. ते ऐकून मला बरं वाटलं. इतक्या नियमांत एक तरी जागा आहे जिथे माणसं जाळं घेऊन पाण्यात उतरतात."

"तुम्ही जानेवारीत जाणार?"

"ह्या वर्षी नाय. तुझ्यासाठी तिथे रासबेरीचं मिल्कशेक असतं. सगळा गाव तेच विकतो. तू त्या टप्प्याला ये, गाडी घेऊन. नवऱ्याला आण. रात्री पिठलं करू."

मी होकार दिला. मग काकूंनी पुन्हा इकडेतिकडे बघितलं. काका नळी गुंडाळत होते आणि ती गुंडाळली जात नव्हती.

"आता खरं सांगते," काकू इतक्या हळू बोलल्या की मला कुंपणावर वाकावं लागलं. "ह्यांचं ते फ्लायचं शास्त्र. नुसती मनगटाची कसरत. ह्या कुंपणामागच्या हिरवळीवर दोर फेकत असतात, परवा तो समोरच्यांच्या मेपलच्या झाडाला अडकला. फायरहोलवर, हॅरिमनच्या तुकड्यात फक्त तेच चालतं, फेकू देत. पण यलोस्टोन लेकला साधी गरी चालते. चकचकीत पत्र्याचा चमचा लावायचा, लांब फेकायचा, हळूहळू ओढायचा. आणि जूनमध्ये बर्फ नुकतं गेलेलं असतं ना, तेव्हा लेक ट्राउट काठाजवळ उथळ पाण्यात असतो. पुढे उन्हाळ्यात खोल जातो, मग बोट लागते, बोटीला परवाना, तपासणी. जूनला काही नको. काठावर उभं राहायचं आणि फेकायचं."

"काकू, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कालावलच्या खाडीत बाबांनी. फ्रॉकमध्ये होते तेव्हा. ह्यांच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, सगळे शाळामास्तर. मासे विकत घेणारे. मी गरवायचे हे ह्यांना माहीत आहे, पण मनात नाही. ह्यांना वाटतं मी गाडीत बसून कढी करणार. मी माझा परवाना काढला परवा. फोनवरच. सात दिवसांचा, माझ्या नावाचा."

"काकांना सांगितलं नाहीत?"

"कशाला? आणि म्हणून तुझ्याकडे काम आहे. गुरुवारी तुझ्या पत्त्यावर एक लांब खोकं येईल. काठी आहे. दोन तुकड्यांत मोडणारी, जड, चमचे फेकायची. गॅरेजमध्ये ठेव, आणि आम्ही निघायच्या आदल्या रात्री हे झोपले की आणून दे. गोधड्यांमध्ये गुंडाळून बिछान्याखाली जाते, मी मोजून बघितलंय."

मी म्हटलं, "ठेवते. पण काकू, तळ्यावर तुम्हाला मासा मिळाला आणि काकांना एकही नाही, तर त्यांना वाईट नाही वाटणार?"

"का वाटेल?" काकू गोधडीवरचे चिमटे एकेक काढून खिशात टाकायला लागल्या. "त्यांना सोडायचाच होता ना? त्यांचा तेवढा त्रास वाचला."